चार वर्षं उरली आहेत, म्हणून पुण्याला जाऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३४, गाव धरणगाव तालुक्यात. अमळनेरला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. २०१४ ते २०१९ स्पर्धा परीक्षांची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले. २०१९ पासून जळगाव एमआयडीसीतल्या एका दाळ मिलमध्ये डिस्पॅच आणि बिलिंग बघतात. पगार १९,००० रुपये, रोज रेल्वेने अपडाऊन. घरी आई-वडील, पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि तीन एकर कोरडवाहू. निघेल त्या जाहिरातीचा फॉर्म अजूनही भरतात. ते लिहितात, “कामात आनंद नाही आणि यश तर नाहीच. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८, म्हणजे चार वर्षं उरली. नोकरी सोडून वर्षभर पुण्यात राहून शेवटचा जोर लावू का? की मामेभावासोबत कृषी केंद्र टाकू? की आहे तिथेच कुजत राहू?”

भाऊ,

तुमचं पत्र तीन पानांचं आहे आणि त्यातलं जवळजवळ एक पान एका गाडीबद्दल आहे. तुम्ही ते तक्रारीच्या ओघात लिहून गेलात. मी मात्र ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

ऑगस्टमध्ये सुरतेच्या व्यापाऱ्याकडे तुरीच्या दाळीची २५ टनांची गाडी गेली होती, ५०० कट्टे. तिकडून फोन आला की माल ओला आहे आणि क्विंटलमागे २०० रुपये कटती लावणार. म्हणजे ५०,००० रुपयांचा फटका. शेठ बाहेरगावी होते. तुम्ही ठेवलेली त्या लॉटच्या नमुन्याची पुडी काढलीत, चार दाणे दाताखाली फोडून पाहिलेत, दाळ कडक होती. मग ड्रायव्हरला फोन लावलात. नवापूरच्या पुढे पाऊस लागला होता आणि ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली होती, हे त्याच्याकडून काढून घेतलंत. सुरतेच्या व्यापाऱ्याला व्हिडिओ कॉल करून तळच्या थरातला एक कट्टा उघडायला लावलात. तो खणखणीत निघाला. शेवटी भिजलेल्या वरच्या तीसेक कट्ट्यांपुरतीच कटती बसली आणि तीही ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्यातून वळती झाली.

कामात मन नसलेल्या माणसाला ताडपत्री सुचत नाही. तो फोन शेठकडे ढकलतो आणि मोकळा होतो. “कामात आनंद नाही” हे तुमचं वाक्य म्हणूनच मी जसंच्या तसं मान्य करत नाही. त्या दिवशी दुपारी तीन ते सहा या वेळात तुम्हाला काय वाटत होतं ते आठवून बघा. परीक्षा आठवली होती का? वयोमर्यादा आठवली होती का?

पुढची ओळ मात्र खरोखर वाईट वाटण्यासारखी आहे. संध्याकाळी शेठना सगळं सांगितलंत, ते “बरं” म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनीसांना, म्हणजे जवळपास तुमच्याच पठडीतल्या लोकांना, कामात कधी फार बरं वाटलं आणि कधी फार वाईट वाटलं हे विचारलं गेलं. वाईट वाटण्याची कारणं म्हणून बहुतेकांनी पगार, साहेबाची वागणूक, कंपनीचे नियम, कामाची जागा अशा गोष्टी सांगितल्या. बरं वाटण्याची कारणं वेगळीच होती. एखादं काम तडीस गेलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, पुढे सरकता आलं. या अभ्यासावर टीकाही झाली. चांगल्याचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि वाइटाचं खापर परिस्थितीवर फोडतो, असं टीकाकार म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. तरी एक गोष्ट मला उपयोगाची वाटते. खटकणाऱ्या गोष्टी दूर केल्या म्हणजे आनंद आपोआप येतो असं नाही, आणि आनंद देणारं काम हातात आहे म्हणून खटकणाऱ्या गोष्टी सोसत राहाव्यात असंही नाही. दोन्हींचा बंदोबस्त वेगवेगळा करावा लागतो. तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या गुंत्यावर तुम्ही पुणे हा एकच उपाय शोधता आहात.

आता मला खरी काळजी ज्याची वाटते त्याबद्दल. तुम्ही लिहिता की जेवणाच्या सुट्टीत बाकीचे लोक एकत्र बसतात, तुम्ही गोदामाच्या मागे चालू घडामोडींचं पुस्तक घेऊन एकटेच डबा खाता. गावात कुणी विचारलं, “काय भो, लागी गया का नोकरीले?” तर तुम्ही सांगता, “तयारी चालू आहे, सध्या जळगावला एका ठिकाणी बसतो.” तीन वर्षांपूर्वी शेठ स्वतःहून म्हणाले होते की खरेदीच्या कामात ये, अकोला-लातूरच्या बाजारात माझ्यासोबत चल. तुम्ही नाही म्हणालात, कारण त्या महिन्यात पूर्वपरीक्षा होती. पीएफ कापला जातो की नाही हे सहा वर्षांत विचारलं नाही, कारण “आपल्याला इथे थोडंच राहायचंय”.

सहा वर्षं ही थोडी नसतात. मुलीचा जन्म याच सहा वर्षांतला आहे. या सगळ्या काळात तुम्ही एका पायावर उभे आहात. मिलमध्ये असताना मन परीक्षेत, आणि रात्री पुस्तक उघडलं की अंगात त्राण नाही. काम नावडतं असल्यामुळे तुम्ही त्याला तात्पुरतं ठरवलंत असं तुम्हाला वाटतं. मला उलट दिसतं. काम पहिल्या दिवसापासून तात्पुरतं ठरवलंत, म्हणून ते कधी पूर्ण शिकलात नाही, त्यातली माणसं जोडली नाहीत, हक्काचं मागितलं नाही आणि पुढचं दार उघडलं तेव्हा आत गेला नाहीत. अशा रीतीने केलेलं कुठलंही काम, अगदी तहसीलदाराचंसुद्धा, माणसाला काही देत नाही.

तुम्ही अमळनेरला शिकलात म्हणून एक आठवण करून देते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा ते काम देखरेखीचं होतं. मुलांच्या खोल्या झाडणं, त्यांचे पसरलेले कपडे धुऊन घड्या घालून ठेवणं, त्यांच्यासाठी रोज हाताने लिहून दैनिक काढणं, यातलं काहीच त्यांच्याकडून कुणी मागितलं नव्हतं. मिळालेल्या कामाच्या आत त्यांनी स्वतःचं काम तयार केलं. आणि १९३० मध्ये ती नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले, हेही तितकंच महत्त्वाचं. नोकरी सोडणं वाईट आहे असं मी म्हणतच नाही. ते सोडून गेले तेव्हा कुठे जायचंय हे त्यांना स्वच्छ माहीत होतं, आणि असताना ते पूर्ण होते. १९,००० रुपयांत घर चालवणाऱ्याला त्यागाचे धडे द्यावेत असं मला मुळीच वाटत नाही. मला त्यातला फक्त पूर्ण असण्याचा भाग तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

आता पुण्याचा विचार हिशेबानेच करू. कॉट बेसिसवर राहणं, मेस, अभ्यासिका धरून महिन्याला दहा-बारा हजारांत भागवणारा माणूस काटकसरी म्हणावा लागेल. अकरा हजार धरले तर वर्षाचे १,३२,००० होतात. शिवाय बुडालेला पगार २,२८,०००. एकूण साडेतीन लाखांच्या वर. हे पैसे कुठून येणार, याबद्दल पत्रात एक शब्द नाही. तीन एकर कोरडवाहू कपाशी वर्षाला एवढा खड्डा भरून काढील असं तुम्हालाही वाटत नसणार.

दुसरं म्हणजे परीक्षा आता तुमच्या वेळची राहिलेली नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. तुम्ही दोनदा दिली ती मुख्यतः पर्यायांवर गोल करायची होती. आता मोठी उत्तरं लिहावी लागतात आणि ती सवय वेगळी असते. ट्रंकेत जपून ठेवलेल्या नोट्सचा आधार तुम्हाला वाटतो तेवढा नाही. तलाठी भरतीबद्दल म्हणाल तर २०२३ मध्ये ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. एका जागेमागे दोनशेपेक्षा जास्त माणसं. यात न लागलेला माणूस नालायक असतो, हे गणित कुणी मांडलं? दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलेल्या माणसाने स्वतःला अपयशी म्हणताना जरा थांबावं.

तरी परीक्षा सोडा असं मी सांगणार नाही. ती मनात राहिली तर पुढची वीस वर्षं टोचत राहील. पण मग ती एक ठेवा. निघेल तो फॉर्म भरणं आधी बंद करा, कारण त्याने तयारी होत नाही, फक्त आशा धुगधुगत राहते. गट-क सारखी अजूनही वस्तुनिष्ठ असलेली एखादी परीक्षा निवडा, जिच्यात तुमचा जुना अभ्यास थोडा तरी चालेल. तिचे दोन प्रयत्न करा, नोकरीत राहून. सकाळच्या गाडीत धरणगाव ते जळगाव बसायला जागा मिळते असं तुम्हीच लिहिलंय, तो वेळ तिचा. रात्रीचा वेळ तिचा नाही, तो मुलीचा. आणि दुसऱ्या प्रयत्नानंतर काय, हे आजच एका कागदावर लिहून पत्नीच्या हाती द्या. ३८ ही सरकारने ठरवलेली मर्यादा आहे. तुमची मर्यादा तुम्ही त्याआधी ठरवू शकता, आणि ठरवलीत तर मधली वर्षं मोकळी होतात.

कृषी केंद्राबद्दल फार लिहीत नाही. एकच विचारते. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी, किंवा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशा विषयांची पात्रता लागते. तुमच्याकडे रसायनशास्त्राची पदवी आहे, मामेभावाकडे ती आहे का? नसेल तर भागीदारी तुमच्याशी आहे की तुमच्या पदवीशी, हे बोलणं आधी व्हायला हवं आणि कागदावर यायला हवं. नात्यात असं विचारणं वाईट दिसतं, पण परवाना तुमच्या नावावर असला की जबाबदारीही तुमच्याच गळ्यात येते. शिवाय आपल्याकडे बियाणं-औषधं जूनमध्ये उधारीवर उचलली जातात आणि पैसे कापूस विकल्यावर येतात, भाव पडला तर तेही नाही. वर्षभर थांबायला लागणारं भांडवल कुणाचं? याचं उत्तर मिळेपर्यंत मी तरी नोकरी सोडणार नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टींकडे वळू, कारण त्या सोसायच्या नाहीत. वीस किंवा जास्त माणसं कामावर असतील तर तुमच्या मिलला पीएफ लागू आहे. तुमचे मूळ पगाराच्या १२ टक्के आणि मालकाचेही तेवढेच. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा क्रमांक, आहे का ते या आठवड्यात विचारा आणि असेल तर मोबाइलवर पासबुक उघडून पैसे खरंच भरले जातात का ते बघा. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, संरक्षण असतं, त्यात आई-वडील, पत्नी, मुलगी यांच्या औषधोपचाराची सोय येते. मुलीच्या तापासाठी उसने पैसे घेतल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे आवर्जून सांगते. नोकरीला पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे ग्रॅच्युइटीचा हक्कही लागू झाला आहे. वर्षाला १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे (यात महिना २६ दिवसांचा धरतात), मूळ पगार १५,००० धरला तर सहा वर्षांचे सुमारे ५२,००० होतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणंही बंधनकारक केलं आहे. हे सगळं भांडण म्हणून मागू नका. “शेठ, कागदपत्रं नीट करून घेतो, मुलगी शाळेत जायची आहे” एवढं पुरतं. आणि हे आकडे हातात आल्याशिवाय नोकरी सोडण्याचा किंवा न सोडण्याचा निर्णय कुणीच घेऊ नये, हे मी हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते. प्लास्टिकच्या चटईच्या कारखान्यात असाल, पाइपच्या, नाहीतर सराफ बाजारात काउंटरवर.

पत्रात एक वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय: “बी.एस्सी. पाण्यात गेली.” ती पाण्यात गेलेली नाही. मोठ्या अन्न उत्पादकांना परवान्याच्या अटींनुसार उत्पादनावर देखरेखीसाठी एक तांत्रिक माणूस ठेवावा लागतो आणि त्याच्या पात्रतेत रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी बसते. तुमच्या मिलमध्ये त्या जागी सध्या कुणाचं नाव लावलंय? त्या माणसाने कधी तूर हातात घेतली आहे का? एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचं फॉस्टॅक नावाचं अन्नसुरक्षेचं छोटं प्रशिक्षण असतं, ते करून घ्या. पुण्याच्या एका महिन्याच्या खर्चाच्या मानाने ते अगदीच स्वस्त पडतं. दात लावून ओलावा ओळखणं तुम्हाला येतंच, आता तो यंत्राने मोजून लॉटप्रमाणे लिहून ठेवा.

आणि लिहिण्यावरून आठवलं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डिस्पॅचला बसणाऱ्या माणसाकडे एक अशी माहिती असते जी मिलमध्ये दुसऱ्या कुणाकडे नसते. कुठल्या पार्टीने कुठल्या मालावर काय तक्रार केली, हे फक्त त्याला माहीत असतं. खरेदी करणाऱ्याला माहीत असतं माल कुठल्या बाजारातून कुठल्या भावाने आला. मशीनवरच्या मिस्त्रीला माहीत असतं त्या तुरीने उतारा किती दिला, म्हणजे तुरीतून दाळ किती निघाली, खंडा म्हणजे तुकडा किती पडला, चुरी किती गेली. ही तीन माणसं आपापल्या जागी बसून असतात. तुम्ही एक साधी वही घाला. लॉट, बाजार, ओलावा, उतारा, गेला कुणाकडे, तक्रार काय. यासाठी मिस्त्रीकडे जाऊन बसावं लागेल, म्हणजे जेवणाचा डबा गोदामामागे न खाता मशीनजवळ खावा लागेल. उताऱ्यात एक टक्का फरक पडला तर शंभर क्विंटल तुरीमागे एक क्विंटल दाळ इकडची तिकडे होते. अमुक बाजारातली तूर भावाला स्वस्त पण उताऱ्याला महाग पडते, हे जो माणूस वही उघडून दाखवू शकतो त्याला शेठ नुसतं “बरं” म्हणून फोन ठेवत नाहीत.

समजा ठेवलाच, तरी तुम्हाला ते कळलेलं असेल. कामातलं समाधान पुष्कळदा तिथून येतं. आपल्याला एखादी गोष्ट खोलवर कळली आहे, तिच्यावर आपलं काही चालतं, आणि तिचा कुणाला उपयोग होतो. सरकारी खुर्चीत हे मिळतं आणि मिळतही नाही. दाळ मिलमध्येही तसंच.

सगळ्यांना मात्र हा सल्ला नाही. पगार तीन-तीन महिने थकतो, शिवीगाळ होते, मशीनला गार्ड नाही आणि बोट गेलं तरी दवाखान्याचा खर्च स्वतःच करावा लागतो, बाईमाणसाला संध्याकाळी एकटीला थांबवून घेतलं जातं, अशा ठिकाणी मन रमवायला सांगणं म्हणजे अन्याय करणाऱ्याला मदत करणं. तिथून निघायची तयारी करावी, दुसरीकडे शब्द पक्का झाला की निघावं, आणि हक्काचे पैसे वसूल करावेत. तुमचं पत्र मी त्या नजरेनेही वाचलं. तुमचे शेठ घुमे आहेत, पगाराला उशीर करणारे दिसत नाहीत, आणि त्यांनी एकदा तुम्हाला स्वतःहून पुढे बोलावलं होतं. हा फरक मोठा आहे.

घरच्यांबद्दल दोन गोष्टी.

पत्नीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली: “ती काही बोलत नाही.” तुम्ही विचारलंत का? पुण्याला जाण्याबद्दल तिला माहीत आहे की नाही, हेही पत्रातून कळत नाही. साडेतीन लाखांचा आणि वर्षभर एकटीने घर ओढण्याचा प्रश्न आहे, त्यात तिचं मत शेवटी कळवायचं नसतं, आधी घ्यायचं असतं. कदाचित तिला पुणं मान्य असेल. कदाचित तिला फक्त एवढंच हवं असेल की साडेसातला घरी आलेला माणूस पुस्तकाआड न जाता घरात असावा. तुम्हाला आणि मला, दोघांनाही हे माहीत नाही.

वडील गावात अजून सांगतात की मुलगा परीक्षा देतोय. तुम्हाला वाटतं की त्यांना तुमच्या नोकरीची लाज वाटते. असेलही. पण ते तुमच्या मिलमध्ये कधी आलेत का? कपाशीत तुरीच्या ओळी घेणारा शेतकरी जन्मभर तूर व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकून घरी येतो, पुढे तिचं काय होतं ते तो बघत नाही. शेठना विचारून त्यांना एक दिवस घेऊन जा. तूर कुठे चाळली जाते, तेल-पाणी देऊन वाळवतात कशी, टरफल कुठे सुटतं, एकाच ढिगातून फटका दाळ आणि खंडा वेगळे कसे होतात, हे त्यांना स्वतः दाखवा. तुम्हाला यातलं किती येतं तेही त्या दिवशी कळेल. शेतकऱ्याला मालाची जाण असलेला माणूस ओळखता येतो. “तयारी चालू आहे” या वाक्याने तुम्ही त्यांनाही इतकी वर्षं थांबवून ठेवलंय, त्यांच्यापुढे दुसरं काही ठेवलंच नाही.

आता करायचं काय आणि कधी. आज मार्गशीर्ष चालू आहे. संक्रांतीच्या आसपास नवी तूर बाजारात येऊ लागेल आणि शेठना मान वर करायला फुरसत नसेल, म्हणून त्याआधी बोला. काउंटरवर उभ्याउभ्या नको, रविवारी किंवा मिल बंद झाल्यावर, बसून. सुरतेच्या गाडीचे कागद सोबत न्या: कटती किती लागली असती, किती लागली, फरक किती. मग सांगा की तीन वर्षांपूर्वी तुम्ही खरेदीत बोलावलं होतं, तेव्हा मी नाही म्हणालो, आता या हंगामात मला सोबत न्या. पहिले तीन महिने पगारवाढ मागत नाही, पण हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये, काम बघून पगाराचं बोलू. ही एप्रिलची तारीख त्यांच्यासमोर म्हणा, नाहीतर ती तुमच्याच मनात राहील.

ते हो म्हणाले तर हा एक हंगाम पूर्ण मनाने करा, अकोल्याच्या बाजारात पहाटे उभं राहण्यापासून गाडी खाली होईपर्यंत. तेवढ्यापुरती परीक्षेची तयारी गाडीतल्या वेळाबाहेर जाऊ देऊ नका. ते नाही म्हणाले, किंवा “बघू” म्हणून टोलवलं, तर वही चालूच ठेवा आणि एप्रिलनंतर जळगावातल्या दुसऱ्या मिलमध्ये विचारायला सुरुवात करा. एमआयडीसीत दाळ मिल एकच नाही, आणि लॉटप्रमाणे उतारा आणि तक्रारी सांगू शकणारा, रसायनशास्त्राची पदवी असलेला, सुरतेच्या व्यापाऱ्याशी फोनवर न डगमगता बोलणारा माणूस कुठल्याही मिलला हवा असतो. तिथे मुलाखतीत “सध्या एका ठिकाणी बसतो” असं सांगू नका. सहा वर्षं डिस्पॅच सांभाळतो, असं सांगा.

शेठ काय म्हणाले ते कळवा. आणि पत्नी काय म्हणाली, तेही.